बेल्ट दोन दिवसांत, प्रकल्प कधी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत गुणवत्ता व्यवस्थापन आणि प्रक्रिया सुधारणा या क्षेत्रातील प्रमाणपत्रांविषयीचा लेख वाचला. सिक्स सिग्मा ही मोजमाप आणि सांख्यिकी वापरून कामातले दोष कमी करण्याची पद्धत; तिच्यातल्या प्रावीण्याच्या पायऱ्यांना कराटेसारखे बेल्ट म्हणतात, आधी ग्रीन, त्याच्या वर ब्लॅक. पदवी हातात पडली की एका शनिवार-रविवारी ग्रीन बेल्ट उरकावा, लगोलग ब्लॅक बेल्टला नाव घालावे आणि त्या जोरावर पगाराची बोलणी करावीत, असा त्याचा एकूण सूर आहे. अभ्यासक्रमांची यादी दिली आहे, शिकवणीचे तास दिले आहेत, परीक्षा घरबसल्या देता येते हेही सांगितले आहे. प्रकल्पाचा, म्हणजे शिकलेले वापरून कामातली एखादी खरी अडचण सोडवून दाखवण्याचा, उल्लेख मात्र अख्ख्या लेखात एकदाच येतो. काही संस्था तोही मागतात, असा. जणू ती एक जादाची कटकट!

मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. सुरुवात इन्स्पेक्टर म्हणून केली, नोकरी सांभाळून ब्लॅक बेल्ट मिळवला आणि आता नव्या माणसांच्या मुलाखती घेणाऱ्यांत मीही बसते. प्रकल्पाची जी अट लेखाने अशी वाऱ्यावर सोडली आहे, तिच्यावाचून या प्रमाणपत्राला काही अर्थ उरतो असे मला वाटत नाही. त्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

हल्ली मुलाखतीला येणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या अर्जात कुठला ना कुठला बेल्ट असतोच. सिक्स सिग्मा म्हणजे काय, असे विचारले की उत्तर तयार असते: दहा लाख संधींमागे ३.४ दोष. मग मी विचारते, हा ३.४ आला कुठून? प्रक्रिया नेमकी मधोमध असेल आणि मान्य मापाच्या दोन्ही मर्यादा मध्यापासून सहा-सहा सिग्मांवर, म्हणजे प्रमाण विचलनांवर (आकडे सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप) असतील, तर गणिताने दोष अब्जात सुमारे दोन निघायला हवेत. ३.४ हा खरे तर साडेचार सिग्माचा आकडा. काळाच्या ओघात प्रक्रियेचा मध्य दीड सिग्माने सरकतो असे मोटोरोला कंपनीतल्या लोकांनी धरून चालायचे ठरवले आणि त्या गृहीतकासकट हा आकडा जगभर गेला. बिल स्मिथ या अभियंत्याने १९८६ मध्ये तिथे हे काम सुरू केले होते. दीड सिग्मा सरसकट का धरायचा, यावर सांख्यिकीवाले अजूनही भांडतात. उमेदवाराने माझ्याशी त्यावर भांडावे, एवढीच माझी अपेक्षा असते. तो बिचारा ३.४ पुन्हा एकदा म्हणून दाखवतो.

दुसरा प्रश्न कंट्रोल लिमिट आणि स्पेसिफिकेशन लिमिट यांतल्या फरकाचा. पहिली मर्यादा प्रक्रियेच्या स्वतःच्या नोंदींतून निघते, दुसरी ग्राहक किंवा ड्रॉइंग ठरवते. ड्रॉइंगवरचे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, उचलून आलेखावर दोन लाल रेघा मारायच्या आणि त्याला कंट्रोल चार्ट (प्रक्रिया स्थिर आहे का ते दाखवणारा आलेख) म्हणायचे, हे मी बेल्टवाल्यांच्या सादरीकरणातही पाहिले आहे. प्रक्रिया अगदी स्थिर असून सगळा माल टाकाऊ निघू शकतो, हे त्या चार्टवरून कधीच कळणार नाही.

तिसरा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवते. तुमच्या प्रकल्पातले मोजमाप भरवशाचे आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलेत? इथे बहुतेकांची गाडी थांबते. हाच प्रश्न का, हे कळावे म्हणून ज्या प्रकल्पावर मला प्रमाणपत्र मिळाले त्याची हकिगत सांगते.

आमच्याकडे ओतीव लोखंडाच्या एका भागाला ४० मिलिमीटर व्यासाचे बोअर, म्हणजे मशीनने कोरलेले गोल भोक, होते. ड्रॉइंगवर टॉलरन्सची श्रेणी एच७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. सगळा खेळ २५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मशीनवरचा ऑपरेटर बोअर गेजने तपासून माल पुढे सोडायचा आणि अंतिम तपासणीत त्यातलाच काही माल बोअर लहान म्हणून परत यायचा. प्रॉडक्शनवाले म्हणायचे तुमचं गेज खोटं, आम्ही म्हणायचो तुमचं मशीन हलतंय. शिफ्ट बदलताना रोजची वादावादी. गेजचे कॅलिब्रेशन वेळेवर झालेले होते, मशीनची देखभालही. कागद सगळ्यांचेच चोख.

टीमने सुरुवात पुस्तकाबरहुकूम केली, म्हणजे मोजमाप पद्धतीच्या तपासणीपासून. गेज आर अँड आर म्हणतात तिला: दहा नग, तीन माणसे, प्रत्येकाने प्रत्येक नग तीनदा मोजायचा, एकूण नव्वद नोंदी. हातातला नग कितवा आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही. एकूण फरकात मोजण्यातल्या चुकीचा वाटा १० टक्क्यांच्या आत आला. वाहन उद्योगात रुळलेला नियम असा की १० च्या आत चांगले, ३० च्या वर टाकाऊ, मधले परिस्थिती बघून. त्यानुसार गेज उत्तीर्ण. परीक्षेत हाच प्रश्न आला असता तर उत्तर इथे संपले असते: मोजमाप ठीक आहे, आता प्रक्रियेकडे वळा.

लाइनवर एक जुने इन्स्पेक्टर होते, सगळे त्यांना काका म्हणत. आम्ही दोषाची संभाव्य कारणे मांडणारी फिशबोन आकृती काढायला जमलो होतो. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण अशा काट्यांवर भराभर चिठ्ठ्या लागत होत्या आणि काका हाताची घडी घालून बसले होते. त्यांना विचारले तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही मापलेले जॉब रात्रभर रॅकवर पडून होते. मशीनवरनं उतरलेला जॉब अजून कोमट असतो. कोमट मापलात की बोअर मोठंच दिसणार."

हिशेब करून पाहिला. ओतीव लोखंड एका अंशाला मीटरमागे साधारण साडेदहा मायक्रॉन वाढते. म्हणजे ४० मिलिमीटरवर १५ अंशांच्या फरकाने सहा मायक्रॉनच्या आसपास. पंचवीसातले सहा, जवळपास पाव टॉलरन्स! लांबी-व्यासाच्या अचूक मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात ते काही हौस म्हणून नाही. आमचा नव्वद नोंदींचा अभ्यास खोटा नव्हता. तो तपासणी खोलीतल्या गार नगांपुरता खरा होता, आणि दुखणे मशीनपाशी होते.

मग मशीनपाशी उभे राहून पाहिले. ऑपरेटर उतरलेला नग लगेच मोजायचा. गेज ज्या सेटिंग रिंगवर (ठाऊक मापाच्या कड्यावर) शून्य करायचे ती मात्र गार. बोअर मोठे दिसले की तो ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती, कमी करायचा. पुढचा नग थोडा इकडेतिकडे आला की पुन्हा ऑफसेटला हात. नग गार होऊन अंतिम तपासणीला पोहोचेपर्यंत बोअर आकसून खालच्या मर्यादेच्या बाहेर गेलेले असायचे. हा माणूस आळशी नव्हता. उलट फार तत्पर होता आणि त्याच्या तत्परतेनेच बिघाड वाढत होता. स्थिर प्रक्रियेत प्रत्येक नगामागे, मागच्या फरकाएवढी उलटी दुरुस्ती करत राहिले तर व्हेरियन्स, म्हणजे मापांच्या विखुरलेपणाचे सांख्यिकी माप, कमी होण्याऐवजी दुप्पट होतो. गुणवत्ता क्षेत्रातले अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ डेमिंग हे नरसाळ्यातून गोटी टाकण्याच्या प्रयोगाने दाखवत असत. पुस्तकात तो प्रयोग मला गंमतीचा वाटला होता. मशीनपाशी कोणालाच हसू येत नव्हते.

काकांचे म्हणणे नुसते म्हणणे राहिले असते तर प्रॉडक्शन मॅनेजरनी ते उडवून लावले असते. त्यांना आकडे हवे होते. इथे अभ्यास कामाला आला. तेच नग उतरल्याबरोबर आणि पूर्ण गार झाल्यावर असे जोडीने मोजले, म्हणजे प्रत्येक नगाची तुलना त्याच्या स्वतःशीच. अशा जोड्यांसाठीची सांख्यिकी चाचणी, पेअर्ड टी टेस्ट, लावली. फरक योगायोगाचा नाही हे कागदावर आले आणि वाद मिटला. उपाय दिसायला अगदी किरकोळ: मशीनशेजारी नग गार होण्यासाठी रॅक, सेटिंग रिंग त्याच रॅकवर, ठरावीक वेळ जाऊ दिल्याशिवाय मोजणी नाही आणि एका नगावरून ऑफसेटला हात लावणे बंद. पाच-पाच नगांच्या सरासरीचा कंट्रोल चार्ट सांगेल तेव्हाच ऑफसेट बदलायचा. नग गार होऊन मोजला जाईपर्यंत तयार होणाऱ्या नगांचे काय, हा प्रॉडक्शनचा आक्षेप रास्त होता. शिफ्टचा पहिला नग गार करून मोजल्याशिवाय लॉट सुरू करायचा नाही, अशी तडजोड झाली. रिजेक्शन निम्म्याच्या खाली आले आणि तिथेच टिकले. टिकते की नाही हे पाहायला मात्र महिने जावे लागतात, दोन दिवसांच्या वर्गात ते कुणालाही दिसणार नाही.

बचतीच्या आकड्याचीही एक गोष्ट आहे. टीमच्या पहिल्या हिशेबात परत आलेला प्रत्येक नग पूर्ण किमतीने वाया गेलेला धरला होता. फायनान्स विभागाच्या बाईंनी त्यावर सरळ काट मारली. बोअर लहान असेल तर नग पुन्हा मशीनवर चढवून मोठे करता येते, मग नग वाया कुठे गेला? वाचला तो रिवर्कचा वेळ, तेवढाच धरा. आकडा झपकन उतरला. राग आला सगळ्यांना, पण त्यांची सही झाल्यावर त्या आकड्याला पुढे कोणी हात लावला नाही. लेखाबरोबरच्या चौकटीत बेल्टवाल्यांनी केलेल्या डोळे दिपवणाऱ्या बचतीचे आकडे आहेत. त्यांतल्या किती आकड्यांखाली फायनान्सची सही होती, हे विचारायला हवे होते.

(काकांकडे तेव्हा कुठलाही बेल्ट नव्हता. नंतर त्यांनी ग्रीन बेल्टचे प्रशिक्षण घेतले. गणिताला बिचकत होते, पण मोजमापाच्या तासाला शिकवणाऱ्यालाच दोन गोष्टी सांगून आले.)

आता प्रमाणपत्र देणाऱ्यांविषयी. सिक्स सिग्माच्या बेल्टवर जगात कुणा एका संस्थेचा ताबा नाही. त्यामुळे कोणीही वर्ग काढावा, कोणीही बेल्ट द्यावा. लेखात आयएसओ प्रमाणित ब्लॅक बेल्ट असा एक प्रकार सांगितला आहे. आयएसओ ही आंतरराष्ट्रीय संस्था मानके लिहिते. ती स्वतः ना कुठल्या कंपनीला प्रमाणपत्र देते, ना माणसाला. आयएसओ ९००१ हे १९८७ मध्ये पहिल्यांदा आलेले मानक संस्थेच्या व्यवस्थापन पद्धतीचे आहे, व्यक्तीच्या कौशल्याचे नाही. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी कसे वागावे यासाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे वेगळे मानक आहे. शिकवणारे आणि पारखणारे हात एकच असले तर निःपक्षपातीपणाला धोका असतो, असे ते मानते. त्याचा बंदोबस्त कसा केला, हे अशा संस्थेला दाखवावे लागते. प्रमाणपत्राला मुदत असावी आणि नूतनीकरणाची पद्धत असावी, हेही त्यात आले. सहसा शनिवार-रविवारच्या वर्गात शिकवणारा, पेपर काढणारा, तपासणारा आणि प्रमाणपत्रावर सही करणारा एकच असतो आणि जाहिरातीत उत्तीर्ण होण्याची हमीही तोच देतो. ज्या तपासणीत कधीच काही नापास होत नाही तिला आमच्या धंद्यात तपासणी म्हणत नाहीत.

उलट टोकाचे उदाहरण म्हणून अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटीच्या, म्हणजे एएसक्यूच्या अटी पाहाव्यात. १९४६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला बसण्यासाठी दोन पूर्ण झालेले प्रकल्प, सही केलेल्या शपथपत्रांसह, मागते. किंवा एक प्रकल्प आणि तीन वर्षांचा कामाचा अनुभव. ग्रीन बेल्टला प्रकल्प लागत नाही, पण तीन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे लेखातला ताजा पदवीधर तिथे दारातच अडतो. क्वालिटी इंजिनिअरच्या प्रमाणपत्राला मुळात आठ वर्षांचा अनुभव हवा. पदवी असेल तर त्यातली काही वर्षे माफ होतात, पण किमान तीन वर्षे निर्णयाची जबाबदारी असलेल्या कामाची असावी लागतात. ब्लॅक बेल्टसारखे प्रमाणपत्र मिळाले तरी दर तीन वर्षांनी नूतनीकरण आहेच, त्यासाठी पुढच्या शिक्षण-कामाची १८ युनिट दाखवा नाहीतर पुन्हा परीक्षेला बसा. हीच एक संस्था खरी, असे मला अजिबात म्हणायचे नाही. तिच्याही परीक्षेवर टीका करता येते आणि मी करते. शेवटी तोही पर्यायांवर खुणा करण्याचाच पेपर. पण प्रकल्पावर सही कोणाची, हा प्रश्न ती विचारते.

परीक्षेला हसणाऱ्यांच्या गटातही मी नाही. आमच्या क्षेत्रात अशी मंडळी पुष्कळ आहेत: वीस वर्षं लाइनवर काढली, आम्हाला काय शिकवता? त्यांनी ब्लॅक बेल्टचा पेपर एकदा देऊन पाहावा. संगणकावर १६५ प्रश्न, वेळ ४ तास १८ मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाच्या आसपास. पुस्तके सोबत नेता येतात. त्यामुळे लोक रंगीत चिकटपट्ट्या लावलेली जाडजूड बाडे घेऊन येतात आणि मग निम्मा वेळ पाने उलटण्यात घालवतात. जे सापडावे लागते ते त्या दीड मिनिटात सापडत नाही. अमेरिकन सांख्यिकीतज्ज्ञ वॉल्टर शूहार्टने १६ मे १९२४ रोजी एका पानाच्या टिपणात पहिल्या कंट्रोल चार्टची कल्पना मांडली, तिला शंभर वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात साचलेले ज्ञान अनुभवाने आपोआप अंगात येत नाही. काका कोमट नगाचे बोलले, पण जोडीने मोजणी कशी करावी, किती नग घ्यावेत, योगायोग कसा वगळावा, हे त्यांनाही शिकल्यावरच कळले. त्यांनीच मला तसे सांगितले.

कंपन्यांनाही यात मोकळे सोडू नये. यंदा इतके ग्रीन बेल्ट तयार झालेच पाहिजेत, असे वार्षिक उद्दिष्ट विभागाविभागाला वाटून दिले जाते. मग मार्च महिना जवळ आला की आधीच झालेल्या कामांना प्रकल्पाची वेष्टणे चढतात. आधी उपाय ठरलेला, मग त्याला शोभेल असे कारण, मग त्या कारणाला शोभेल असा फिशबोन. डीमेइक म्हणजे व्याख्या, मोजणी, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण हा क्रम. अशा प्रकल्पात तो शेवटाकडून सुरुवातीकडे भरला जातो. ज्या डेमिंगच्या नावाने हे सगळे चालते, त्यांच्या चौदा सूत्रांतले एक सूत्र कामगारांवरची आकडेबंद उद्दिष्टे काढून टाका असे सांगते, आणि आणखी एक भीती घालवा असे. बेल्टचा कोटा पूर्ण करताना ही दोन्ही सूत्रे भिंतीवर फ्रेममध्ये लटकत असतात.

कारखान्याबाहेरच्यांनाही हेच लागू आहे. रुग्णालयातली थांबण्याची वेळ, बँकेतली अर्ज मंजुरी, सॉफ्टवेअरमधल्या तक्रारी, कुठेही जा. तिथे बोअर गेज नसते म्हणून मोजमापाचा प्रश्न उलट जास्त अवघड होतो. रुग्ण थांबायला नेमका कधी लागला, दारातून आत आला तेव्हा की खिडकीवर नाव लिहिले गेले तेव्हा? दोन माणसांनी दोन वेळा धरल्या की सुधारणा कागदावर हवी तशी दाखवता येते.

लेखाचा रोख नव्या पदवीधरांकडे होता, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. नोकरी नाही, मग प्रकल्प कुठून आणू, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. त्यावर माझे म्हणणे असे की बेल्टची घाई नको. सांख्यिकीचा पाया पक्का करा. प्रशिक्षणार्थी म्हणून जिथे मिळेल तिथे शिरा आणि एक छोटी अडचण पकडा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले एकच मोजमाप तिघांकडून करून घेतले आणि तिघांचे आकडे का जुळत नाहीत याचा छडा लावला, तरी सुरुवात म्हणून ते मला पुरते. आपल्या पुरवणीला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी प्रमाणपत्रांची यादी छापताना प्रत्येकासमोर तीन रकाने वाढवावेत: अनुभवाची अट, प्रकल्पाची खातरजमा कोण करते, आणि परीक्षा घेणारी संस्था शिकवणीही घेते का. जागा कमी पडली तर शिकवणीच्या तासांचा रकाना काढला तरी चालेल.

आणि मुलाखतीला येताना प्रमाणपत्राच्या लॅमिनेट केलेल्या प्रतीबरोबर प्रकल्पाच्या मूळ नोंदींचे कागदही आणावेत, खाडाखोडीसकट. मी आधी तेच मागते.

आपली,
गुणवत्ता विभागात काम करणारी एक वाचक